हातमा कितला?

भाच्याचं ऑफर लेटर मोबाइलवर आलं आणि ते पुरतं उघडायच्या आत बायकोने पेढे वाटून टाकले. पत्र सहा पानांचं होतं. आम्ही पहिलंच वाचलं, कारण आकडा पहिल्याच पानावर होता. तो छापला होता 480,000 असा. स्वल्पविराम साहेबी जागी पडल्यामुळे खालच्या मजल्यावरच्या ओडिया कारागिराने तो 'चारशे ऐंशी हजार' असा वाचला. चार लाख ऐंशी हजारांपेक्षा चारशे ऐंशी हजार कानाला फार मोठे लागतात. सुरतेच्या आमच्या गोडादऱ्यात बातमीला रिक्षा लागत नाही. संध्याकाळी ती 'आसपास' नावाच्या मंदिराकडून फिरून परत आमच्याच दारात आली, तेव्हा तो पगार महिन्याचा झाला होता. रात्री दोंडाईच्याहून एका स्थळाचा फोनही आला.

सगळ्यांत शेवटी माय बोलली. माय पन्नास वर्षांपूर्वी खानदेशातून आली. सुरतेने तिचं पातळ बदललं, जेवण बदललं, पण अहिराणी तशीच राहिली. पेढा तोंडात धरून तिने विचारलं, "ते लाख राहू दे. हातमा कितला येस?"

गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी दुकानात सेठनेही शब्दशः तेच विचारलं, गुजरातीत. 'हातमा' आणि 'हाथमां' यांत फरक फक्त एका अक्षराचा आणि एका टिंबाचा. पैशाच्या बाबतीत तापी नदी वरपासून खालपर्यंत एकच भाषा बोलते.

मी रिंग रोडच्या कापड मार्केटात एका दुकानात मेहताजी आहे. वीस वर्षं दुसऱ्यांचा हिशेब लिहितोय. तेव्हा 'हातमा कितला' हे काम माझंच, असं घराने परस्पर ठरवलं. आता माझी अडचण अशी की माझ्या स्वतःच्या पगाराला आजवर फोड नाही. सेठ पाकीट देतो, त्यातून उपाड वजा झालेला असतो, की झालं. उपाड म्हणजे तिकडे तुमच्या गावाला ज्याला उचल म्हणतात ते. फोड म्हटली की मला कैरी आठवते.

तरी बसलो. लॅपटॉप भाच्याचा, एक्सेल कंपनीचं, अक्कल माझी.

पहिल्या चौकटीत लिहिलं: सीटीसी. कॉस्ट टू कंपनी. म्हणजे तुम्हाला काय मिळतं ते नव्हे, तुम्ही केवढ्याला पडता ते. मायला हे समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी म्हणालो, "समज, आपल्या बैलाने सांगितलं की मला महिन्याला चाळीस हजार मिळतात. तर त्यात त्याची पेंड आली, वेसण आली, गोठ्याचं छप्पर आलं, आणि तो म्हातारा झाल्यावर द्यायची रक्कमही आली." माय म्हणाली, "आनि बैलना हातमा?"

महिन्याचे चाळीस हजार घेऊन मी खाली उतरायला लागलो. मूळ पगार निम्मा, वीस हजार. घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या चाळीस टक्के, आठ हजार. इथे भाचा म्हणाला, "मामा, पन्नास टक्के का नाही?" पन्नास टक्क्यांचं नातं आयकरातल्या सवलतीशी, आणि त्या हिशेबात मोजकीच महानगरं. सुरत त्या पंगतीला नाही. गोडादऱ्यातल्या एका खोलीचं भाडं ऐकून सरकारचं मत बदलेल, पण तेवढ्यासाठी त्यांना आमच्या जिन्यात उभं करावं लागेल.

मग व्हेरिएबल चार हजार. ते वर्षाअखेरीस, साहेब खूश असले तर, कंपनीचं बरं चाललं असलं तर. एका वाक्यात इतके 'तर' असलेली रक्कम पगारात कशी धरायची, हे एक्सेललाही ठाऊक नव्हतं. विम्याचे पाचशे. कंपनीच्या वाट्याचा प्रॉव्हिडंट फंड अठराशे: पंधरा हजारांच्या मर्यादेवर बारा टक्के. ग्रॅच्युइटीचे नऊशे बासष्ट: मूळ पगाराच्या 4.81 टक्के. हा आकडा कुठून आला, म्हणून मी अर्धा तास घालवला. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरायचा, भागिले बारा. हिशेब जुळला तेव्हा मी टाळी वाजवली. भाच्याने विचारलं, "मिळणार कधी?" कायम नोकरीत पाच वर्षं काढल्यावर. टाळीचा हात मी हळूच मांडीवर ठेवला.

हे सगळं वजा करून जे उरतं, त्याला म्हणतात स्पेशल अलाउन्स. मी समजत होतो की त्यात काहीतरी खास असेल. पोळ्या लाटून झाल्यावर उरलेल्या गोळ्याची बाई जी चानकी करते, ती ही. उरले चार हजार सातशे अडतीस. आमच्या मार्केटात ताक्याच्या शेवटी उरतो त्या तुकड्याला कोणी स्पेशल म्हणत नाही.

या टप्प्यावर मला हुशारी सुचली. मूळ पगार सीटीसीच्या निम्मा न धरता हातात येणाऱ्या एकूण रकमेच्या निम्मा धरून पाहू म्हटलं. पण ती रक्कम ग्रॅच्युइटी वजा केल्याशिवाय कळत नाही, ग्रॅच्युइटी मूळ पगारावरून निघते, आणि मूळ पगार त्या रकमेवरून. एक्सेलने तत्काळ पाटी लावली: सर्क्युलर रेफरन्स. शेपूट धरायला गोल फिरणाऱ्या कुत्र्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते त्या दिवशी कळलं.

पुढचा अपघात वाढीचा. पत्रात दरवर्षी दहा-बारा टक्के वाढ 'अपेक्षित' होती, म्हणून मी रकान्यात 10/12 लिहिलं. एक्सेलने ते पुसून 10 डिसेंबर केलं. वाढ किती ते नाही, पण तारीख पक्की! मी मोठ्या आशेने ती तशीच ठेवली. आणि सरतेशेवटी 'हातात' या चौकटीत सूत्र घालून एंटर मारला, तर तिथे नुसत्या जाळ्या आल्या: ########. बायको मागून म्हणाली, "बघा, पगार गुप्त ठेवलाय त्यांनी." रकाना अरुंद होता इतकंच. पण रुंद केल्यावर दिसलेल्या आकड्यापेक्षा त्या जाळ्या बऱ्या होत्या, असं घरात आजही एक मत आहे.

भाच्याच्या वाट्याचा फंड पुन्हा अठराशे, व्यवसाय कर दोनशे. हातात तीस हजार सातशे अडतीस.

व्यवसाय करापाशी मात्र मी थोडा रेंगाळलो, कारण तिथे आमची जीत आहे. महाराष्ट्रात हा कर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. राज्यघटनेने वर्षाची कमाल मर्यादा अडीच हजार ठेवलीय. अकरा महिने दोनशेप्रमाणे घेतले की बावीसशे होतात, मग राहिलेलं पुरेपूर वसूल करायला सगळ्यांत छोट्या महिन्यात शंभर जादा. गुजरातेत बाराही महिने दोनशे. म्हणजे वर्षाला चोवीसशे. मी जळगावच्या साडूला फोन लावला आणि तीन पिढ्यांच्या स्थलांतराचा निव्वळ नफा जाहीर केला: सालीना शंभर रुपये. तो म्हणाला, "आणि भुसावळ पॅसेंजरचं जायचं-यायचं तिकीट?"

तीस हजार सातशे अडतीस ऐकून माय उठली आणि कपाटातून बाची डायरी घेऊन आली.

बा लूमवर होता. उधना स्टेशनावर पॅसेंजरमधून उतरला तो थेट खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात गेला. बारा तासांची पाळी, आठवडा दिवसाचा, आठवडा रातीचा. पगार मीटरवर, महिन्यातून दोनदा. त्याच्या डायरीत डाव्या पानावर मीटर, उजव्या पानावर उपाड. लाईट गेली त्या दिवशी आडवी नागमोडी रेघ. कुठे बोटाच्या तेलाचा काळा ठसा, आणि एका पानावर मीटरच्या जागी माझं नाव: मी जन्मलो त्या दिवशी त्याने खाडा केला होता. बेरीज पंधरवड्याच्या शेवटी, एकदाच, पेन्सिलीने. अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 1979 साली व्हिसिकॅल्क हे रकान्यांचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. एक आकडा बदलला की पुढचे सगळे आपोआप बदलतात, याचं जगाला अप्रूप वाटलं. बाच्या डायरीत उजव्या पानावरचा एक आकडा बदलला की घरातला किराणा आपोआप बदलायचा.

बायकोची स्प्रेडशीट वेगळीच आहे, ती भिंतीवर लटकते. ती घरबसल्या साड्यांचे धागे कापते. एका साडीमागे मिळते ती मजुरी मी इथे लिहीत नाही, तुम्हाला स्पेशल अलाउन्स आठवेल. किती साड्या झाल्या ते कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या खाड्याशेजारी, उभ्या रेघांनी. महिन्याची बेरीज करताना तिची चूक झालेली मी पाहिलेली नाही. तिला माझी शीट दाखवली तर म्हणाली, "यात भिशी कुठाय?" खाली ओळ घातली. "मोठ्या ताईंच्या मुलीचा आहेर?" ओळ घातली. "मोटरसायकलचा हप्ता, मे महिन्यात गावाकडचं जाणं, मायचं बीपीचं औषध?" चाळिसाव्या ओळीला मी सेव्ह केलं आणि दिवा मालवला. 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला म्हणतात. ते वेळीच निघून गेले, त्यांचं बरं झालं.

शीट मात्र देखणी झाली होती. मथळ्याला निळा रंग, वजाबाकी लाल, 'हातात' हिरवं. मी तिची प्रिंट काढून शोकेसच्या काचेत लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो, मोठ्या कंपनीत असली की अशी फोड असते. ओडिया कारागिराने बराच वेळ पाहून विचारलं, "इसमें पगार कौनसा है?"

भाचा सोळा तारखेला कामावर रुजू झाला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मोबाइल वाजला: चौदा हजार नऊशे एकोणसत्तर. मी शीट उघडली, हिरव्या चौकटीत तीस हजार सातशे अडतीस ऐटीत बसले होते. अर्धा महिना, म्हणून अर्धा पगार, सोळा हजार तीनशे एकोणसत्तर. अर्ध्या मूळ पगारावरचा फंड बाराशे. व्यवसाय कर मात्र पुरा दोनशे, त्याला अर्धं कळत नाही. सगळं बरोबर होतं. फक्त 'रुजू झाल्याची तारीख' ही ओळ माझ्या शीटमध्ये नव्हती. वीस वर्षांच्या मेहताजीने, म्हणजे मी, काचेवरची प्रिंट काढून घेतली.

त्या चौदा हजारांतून भाच्याने मायला लुगडं आणलं, आईला अमळनेरला पैसे पाठवले, मित्रांना लोचो खिलवला. बावीस तारखेला रात्री तो माझ्याजवळ येऊन बसला. लॅपटॉप उघडला नाही. बराच वेळ पंख्याकडे पाहत होता.

"मामा," तो म्हणाला, "थोडा उपाड भेटेल का?"

मी काही बोलायच्या आत माय कपाटाकडे गेली. बाने काम सोडलं त्या वर्षीच्या डायरीत मागची पानं कोरीच होती. तिने उजवं पान उघडलं, माझ्यासमोर ठेवलं आणि पेन्सिल हातात दिली.

"लिख," म्हणाली.