झेंडूमामा

कोलंबस, ओहायो. शनिवारची दुपार. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या एका पोरानं चेंडू काखोटीला मारलाय आणि तो चाळीस यार्ड सुसाट सुटलाय. दिवाणखान्यात लाल-करड्या जर्सी घातलेली मंडळी सोफ्यावर उभी राहून ओरडताहेत. आमचे मामा मात्र स्वस्थ. त्यांची नजर चेंडूवर नाहीच, ती मागे गवतावर काहीतरी शोधतेय. आणि मग ते सापडतं. मागे कुठेतरी पडलेला पिवळा फडका, पंचांचा दंडाचा झेंडा.

"टाकला!" मामा मांडीवर थाप मारतात. "बसा सगळे. खेळ आता सुरू होतोय."

माझ्या मुलीच्या अमेरिकन मराठीत झेंडा आणि झेंडू यांत फरक नाही. "आजोबांचा झेंडू पडला" असं ती एकदा म्हणाली आणि मामांचे झेंडूमामा झाले. शेजारच्या गोऱ्या गृहस्थाला 'मामा' हे त्यांचं नावच वाटतं. साडेसहा फुटी माणूस कुंपणावरून एका मिशाळ म्हाताऱ्याला 'मामा' अशी आर्त हाक मारतो, आणि त्याच्या भाषेत त्याचा अर्थ आई होतो, हे त्याला सांगणं त्याच्या बायकोनं आता सोडून दिलंय.

मामांची बत्तीस वर्षं ऑडिटमध्ये गेली. पूल कसा झाला, विहीर किती खोल गेली, यात त्यांना कधी रस नव्हता. त्यावर आक्षेप काय निघाला आणि वसुली किती, एवढंच. निवृत्तीनंतर लेकाकडे आले, तेव्हा पहिला सीझन त्यांनी निव्वळ जांभया देत काढला. एवढी धट्टीकट्टी मुलं एकमेकांच्या अंगावर का पडतात, हे त्यांना आजही कळलेलं नाही. पण एका शनिवारी मैदानावरच्या आठ पंचांपैकी पांढऱ्या टोपीवाला (बाकी सातांच्या टोप्या काळ्या) पुढे आला, कमरेचा माइक चालू केला आणि लाखभर माणसांसमोर त्यानं आक्षेपाचं नाव, दोषी खेळाडूचा नंबर आणि वसूलपात्र यार्ड वाचून दाखवले. मामांनी कप खाली ठेवला.

"अगं, हा तर आपला माणूस!"

तेव्हापासून गुन्हा कोणता यावर मामा वेळ घालवत नाहीत. पाच, दहा, पंधरा यार्डांचे दर त्यांना पाठ आहेत. "दर कुणीही सांगेल. वसुली मोजायची कुठून, ते बोला." याचं प्रात्यक्षिक ते शंकरपाळ्यांवर देतात. शंकरपाळ्याचा आकार त्या चेंडूशी बऱ्यापैकी जुळतो, शिवाय सीझन ऐन दिवाळीत येतो.

"हा आपला पंचवीस यार्डांवर. इथून पळाला. बारा यार्ड पुढे, म्हणजे सदतिसावर, आपल्याच गड्यानं त्यांचा माणूस धरून ठेवला." इथे मामा एका हातानं दुसऱ्याचं मनगट पकडून होल्डिंगची खूण करतात. "दहा यार्ड दंड. चेंडू कुठे?"

"पंधरावर!" लेक खिन्न होऊन म्हणतो.

"चूक. गुन्हा जिथे घडला तिथून मागे. सदतीस वजा दहा. सत्तावीस. डाऊन, म्हणजे प्रयत्न, पहिलाच, आणि पुढे जायला आठ यार्ड हवेत. अरे, चोरी करूनही दोन यार्ड पदरात पडले, आणि तू रडतोस?" एवढं म्हणून सत्ताविसावरचं शंकरपाळं ते तोंडात टाकतात. पांढरी टोपी पडद्यावर तेच सांगते. मामांना त्याचं विशेष वाटत नाही, खालच्या कचेरीनं वरच्याशी सहमत व्हावं तसा त्यांचा चेहरा असतो.

त्यांचा सर्वांत लाडका नियम अर्ध्या अंतराचा. गोलरेषा आठ यार्डांवर असेल तर दहा यार्डांचा दंड दहा राहत नाही, चारच होतो. पुन्हा चुकलात तर उरलेल्याचे अर्धे, दोन. मग एक. "म्हणजे कर्जदाराच्या घरातलं अर्धंच उचलायचं," मामांचा आवाज इथे ओला होतो. "जप्ती कितीही वेळा आणा, चूल शिल्लक राहतेच." व्यावसायिक फुटबॉलला ते घरात थारा देत नाहीत. तिथे पास झेलणाऱ्याला अडवल्याचा दंड गुन्ह्याच्या जागेपर्यंत, मग ती पन्नास यार्ड लांब का असेना. कॉलेजात फार तर पंधरा. "पोरं आहेत. वसुलीला काही मर्यादा नको?"

मामांच्या आयुष्यातला परमोच्च क्षण 12 ऑक्टोबर 2024चा. त्या दिवशी दसरा होता. दाराला झेंडूचं तोरण, पोटात श्रीखंड, आणि सामना हजारो मैल दूर ओरेगनमध्ये. शेवटचे दहा सेकंद. ओरेगननं बचावाला अकराऐवजी बारा गडी उतरवले. पास फुकट गेला, झेंडू पडला, पाच यार्ड ओहायोला मिळाले. पण घड्याळात उरले सहा सेकंद. दंड यार्डांत वसूल झाला, गेलेले चार सेकंद परत मिळण्याची सोयच नियमात नव्हती. ओरेगन 32, ओहायो स्टेट 31.

शेजारी कुंपणाला धरून उभा होता, बोलण्याच्या पलीकडे गेलेला. घरात लेक जेवला नाही. आणि मामा एकटेच येरझाऱ्या घालत होते, डोळ्यांत चमक. "दंड भरून नफा! हे कंत्राटदार मी ओळखतो रे! मुदतीत काम न करता विलंबशुल्क आनंदानं भरणारे!" मग एकदम थांबून, तर्जनी वर करून म्हणाले, "सीमोल्लंघन केलंय त्यांनी. आता परिपत्रक निघणार."

पुढच्याच आठवड्यात निघालं. शेवटच्या दोन मिनिटांत बचावाचे बारा गडी खेळले, तर पाच यार्डांच्या जोडीला गेलेला वेळही मागून घेता येईल, असा खुलासा. मामांनी तो छापून फ्रिजवर लावला. त्याच मोसमात ओहायो स्टेटनं रोझ बोलमध्ये ओरेगनला 41-21 असं लोळवलं, पुढे राष्ट्रीय विजेतेपदही घेतलं. मामांना त्यातलं परिपत्रक तेवढं लक्षात आहे.

झेंड्याची जन्मकथा त्यांना कुणी सांगितली देव जाणे. 1941 साली इथल्याच ओहायोत, यंग्सटाउन कॉलेजच्या कोचला पंचांच्या भोंग्यांचा कंटाळा आला, आणि त्याच्या बायकोनं लेकीच्या हॅलोविनच्या पोशाखाचं लाल कापड नि जुन्या चादरीचं पांढरं जोडून पहिला फडका शिवला. मामांनी हा इतिहास मामींना दोनदा सांगितला आणि शिवणयंत्राकडे पाहिलं.

मामींनी पिवळ्या ब्लाउजपिसाचे दोन फडके शिवले, कोपऱ्यात चिंचोके घालून. एक त्यांना, एक स्वतःला.

परवा मी गेलो तेव्हा चहाला उशीर झाला म्हणून मामांनी फडका टाकला. त्याच क्षणी स्वयंपाकघरातून दुसरा आला. मामांनी मधुमेहात साखरेचा डबा उघडला होता.

"अहो, आता सांगा, वसुली कुठून?"

मामा बराच वेळ दोन्ही फडक्यांकडे बघत राहिले. मग पांढरी टोपी नसतानाही सरळ उभे राहिले.

"दोन्ही बाजूंचे गुन्हे. दंड रद्द. डाऊन पुन्हा खेळायचा."

मामींनी चहा ओतून दिला आणि नवा टाकला. बिनसाखरेचा.