घट-तुटीचा हिशेब

गुन्हेगाराचा शोध मी अडीच महिने घेतला, आणि तीस वर्षे महसूल खात्यात झिजलेल्या अव्वल कारकुनास शोभेल अशा रीतीने घेतला. म्हणजे प्रथम संशयितांची यादी केली, मग प्रत्येकाची मनातल्या मनात जबानी घेतली, आणि पुरावा कोणाविरुद्धच नसताना निकाल मात्र शेजारच्या धाकट्या मुलाविरुद्ध दिला. त्या बिचाऱ्याचा अपराध एवढाच की तो आपली सायकल गोल गोल हात फिरवून पुशीत असे. आणि पारोळ्याच्या पेट्रोल पंपावरील दिव्याखाली माझ्या मोटारीच्या काळ्याभोर बॉनेटवर जे मला दिसले, तेही गोल गोलच होते. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणावे तशी शेकडो बारीक वर्तुळे तेथे लखलखत होती.

काळा रंग घेऊ नका, असे मला सात जणांनी बजावले होते. परंतु ज्या मनुष्याने उभी हयात साहेबांच्या पांढऱ्या मोटारींची दारे अदबीने लावण्यात घालविली, त्याने सेवानिवृत्तीनंतर स्वतःसाठी पांढरी मोटार घ्यावी, ही अपेक्षाच मुळी अन्यायाची होती. हेन्री फोर्डने 1914 पासून 1925 पर्यंत आपली प्रसिद्ध टी मॉडेल मोटार काळ्याखेरीज दुसऱ्या रंगात विकली नाही, हा दाखला मी सातही जणांना ऐकविला. फोर्डच्या काळ्या गाड्यांना जळगावचा वैशाख सोसावा लागला नव्हता, हे ध्यानी यायला मला स्वतःचा वैशाख पाहावा लागला.

त्या वर्तुळांविषयीचे माझे अज्ञान धुळ्याच्या एका पंचविशीतल्या कारागिराने दूर केले. धुळ्यालाच का गेलो, तर जळगावात माझ्या गाडीच्या निष्कलंकपणाविषयी मीच इतके बोलून ठेवले होते, की तिला दुरुस्तीसाठी उभी असलेली कोणी पाहणे मला परवडण्यासारखे नव्हते; त्यापेक्षा नव्वद किलोमीटरांचा खर्च स्वस्त. (धूळ काढायला धुळ्याला गेलो, यावरचा विनोद आमच्या आळीतील सर्वांनी करून झाला आहे, वाचकांनी श्रम घेऊ नयेत.) त्या मुलाने शेडचे दार लोटून अंधार केला, बॉनेटवर विजेरी धरली आणि ती हळूहळू सरकविली. वर्तुळेही तिच्यासंगे सरकली. ओरखडे वर्तुळाकार नव्हतेच. ते सरळ होते आणि दाही दिशांना पसरलेले होते. त्यांपैकी प्रतिबिंबाभोवती जे आडवे पडतात तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवितात, बाकीचे अंधारात दडून राहतात, म्हणून दिवा नेऊ तेथे वर्तुळ हजर. शेजारच्या मुलाला ज्या एकमेव पुराव्यावर दोषी ठरविले होते, तो असा विजेरीसंगे चालता झाला.

“कशाने पुसता, काका?”

“जुन्या धोतराने,” मी अभिमानाने म्हणालो. “मऊ सुती. रोज सकाळी, न चुकता.”

“पाणी मारून?”

आमच्या आळीत नळाला पाणी येते ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तेही पहाटे, अर्धा तास. त्या पाण्याने मोटार धुवावी आणि शेजारणीने रिकामा हंडा घेऊन ते पाहत उभे राहावे, एवढी निर्लज्जता माझ्याने झाली नाही. म्हणून कोरडेच पुशीत होतो.

“मग रोज पुसून राहिले ना तुम्ही, त्यानंच हे झालं.”

आपल्या धुळीत गारेचे कण असतात. गार काचेलासुद्धा ओरखडते, तेथे मोटारीवरील वार्निशाची काय कथा. म्हणजे एखाद्या दिवशी आळसाने मी अंथरुणात लोळत राहिलो असतो, तर तेवढा दिवस गाडी सुरक्षित राहिली असती. याची खंत अधिक वाटली, कारण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या शिरस्तेदारांनी मला शिकविले होते, की दप्तराचा रुमाल झटकावयाचा असतो, घासावयाचा नसतो. सरकारी धुळीच्या बाबतीत मी तो हुकूम तीस वर्षे पाळला.

नंतर त्याने खिशातून काडेपेटीएवढे यंत्र काढले आणि पत्र्यावर ठिकठिकाणी टेकवून रंगाची जाडी मोजली. बॉनेटवर 112 मायक्रॉन, छतावर 108, डिकीवर 115. आणि चालकाच्या दारावर 246. मी म्हणालो, यंत्र बिघडले असेल. त्याने पुन्हा टेकविले. 246. “हे दार नव्यानं रंगवलंय, काका. तुम्ही घेतली त्याच्या आधी.” ही गाडी जुन्या बाजारातून घेताना विक्रेत्याने मूळ रंगाची शपथ वाहिली होती, आणि मी ती शब्दशः गावभर वाटली होती. हजारो सातबाऱ्यांवरील फेरफार ज्याच्या नजरेखालून गेले, त्याच्याच दारावरचा हा फेरफार नोंदीवाचून राहिला!

कामाची रीत मात्र पाहण्यासारखी होती. धुऊन झाल्यावर त्याने रबरी पट्ट्यांना आणि पत्र्याच्या कडांना निळी टेप लावली, कारण कडेवर रंग पातळ असतो आणि यंत्र तेथे सर्वांत आधी खाते. मग फोमच्या चकतीवर कंपाउंडचे चार ठिपके घेऊन हातभर चौकटीत ती प्रथम उभी, मग आडवी, बैलाने कुळव ओढावा अशा संथ गतीने फिरविली. मधून मधून तो पत्र्यास तळहात लावून ताप पाही. त्याची चकती फिरता फिरता डुलतही होती. नुसती गरगर फिरणारी जुनी यंत्रे शिकाऊ हातात रंग जाळतात, नाहीतर ओरखडे काढून त्यांच्या जागी आपलेच ढगाळ पट्टे ठेवून जातात, असे त्याचे म्हणणे पडले. माझी समजूत होती की ओरखड्यात काहीतरी भरले जाते. तसे नाही. आजूबाजूची सपाटी खणून खड्ड्याच्या तळाशी आणली, की खड्डा उरत नाही. वरचे पारदर्शक वार्निश सारे चाळीस-पन्नास मायक्रॉनचे, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. एका उजाळ्यात त्यातले दोन-चार जातात. ज्या ओरखड्यात नख अडकते, त्याच्या नादी यंत्राने लागू नये.

हे ऐकले आणि मी जळगावच्या सराफ बाजारात जाऊन पोहोचलो. माझ्या लहानपणी आई दर चार-दोन वर्षांनी आपल्या पाटल्या उजळून घ्यावयास तेथे जाई आणि मला बरोबर नेई, ते केवळ काट्यावर नजर ठेवण्यासाठी. सोनार आधी वजन करी, उजळल्यावर पुन्हा करी, आणि त्या दोहोंतील अंतरास ‘घट’ म्हणे. अर्धी गुंज का होईना, घट ठरलेली. आई त्यावर हुज्जत घालीत असे आणि दर वेळी हरत असे. ती अर्धी गुंज जाते कोठे, हा प्रश्न मला फार दिवस छळीत होता. त्याचे उत्तर पहाटे त्या गल्लीत दिसे. झारेकरी येत, दुकानांतला केर विकत घेत, गटारीतला गाळ उपसून पाट्यांत धूत बसत, आणि आईच्या पाटल्यांचा तो सूक्ष्म अंश इतर शंभर बायकांच्या पाटल्यांशी एकरूप होऊन त्यांच्या पाटीच्या तळाशी चमके. मोठेपणी झारेकरी व्हावयाचे, असे मी वडिलांना सांगितले होते. त्यांनी कानशिलात दिली नसती तर आज माझ्याकडे पांढरी, बिनओरखड्याची मोटार असती. पुढे आईने पाटल्या उजळणेच सोडले. “मळकट दिसू दे,” ती म्हणे, “वजन तर माझं आहे.”

अर्धे बॉनेट झाल्यावर त्याने मला बोलाविले. टेपच्या एका अंगास राखेसारखा करडा काळा, दुसऱ्या अंगास विहिरीत वाकून पाहावे असा काळा, आणि त्या विहिरीत माझा चेहरा. मी टाळ्या पिटण्याच्या बेतात होतो. “थांबा,” तो म्हणाला, “हे तेल चमकून राहिलं. खरं अजून दिसायचंय.” त्याने स्पिरिटच्या फडक्याने ते पुसले, खरोखरच काही ओरखडे परत उगवले, आणि तो पुन्हा यंत्राला लागला. इतका प्रामाणिकपणा मला सोसेना. धुळ्यास गेलो की राजवाडे संशोधन मंडळात जाईन, असे मी वीस वर्षे म्हणत आलो आहे. त्याही दिवशी म्हणालो, आणि कोपऱ्यावर चहा घेत तासभर बसलो.

परतलो तेव्हा सारी गाडी झाली होती. त्याने मला आवर्जून मागच्या डाव्या दाराशी नेले. हँडलच्या मागे जी खोलगट वाटी असते तीत बोट फिरवून तो म्हणाला, “इथं मशीन जात नाही. नखाचे लई ओरखडे होते. हातानं घासून काढले.”

ते आईचे होते. मोतीबिंदूमुळे तिला हँडल दिसत नसे. ती चाचपडे, आणि नखे त्या वाटीत घासत. एकदा मी त्रासून म्हणालो होतो, “आई, रंग जातोय. नीट धर ना.” त्यानंतर ती गाडीशी आली की दोन्ही हात पदरात घेऊन, कोणी दार उघडून देईपर्यंत उभी राहू लागली. गेल्या मार्गशीर्षात ती गेली.

मी त्याची विजेरी मागून घेतली आणि वाटीत चहूबाजूंनी धरून पाहिली. त्याने काम उत्तम केले होते. बॉनेट, छत, डिकी आणि चार दारे मिळून साडेसहा हजार झाले. वाटीचे त्याने काही लावले नाही.