मोबाइल सोडवणारा डबा

मोबाइलचे व्यसन कमी करण्यासाठी छोटेखानी गेमिंग संगणक घेणे हा नाशिकच्या सुशिक्षित घरांत गंभीरपणे मांडला जाणारा उपाय आहे. खेळ टेबलावर बांधून ठेवला की तो खिशातून हिंडत नाही, अशी त्यामागची भूमिका.

अशा संगणकाचा पाया म्हणजे मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड: 17 सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. रॅमला बहुधा दोनच खाचा, ग्राफिक्स कार्डाला एकच. आकार घटतो तशी किंमत वाढते, आणि कार्ड डब्यात मावत नाही हे पैसे भरल्यावर कळण्याचा प्रघात आहे. उन्हाळ्यात शहराचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा आतले पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरतात.

निवड अर्थातच मोबाइलवर होते. रात्री दोनपर्यंत परीक्षणांचे व्हिडिओ, मग महात्मा गांधी रोडवरून काढून आणलेले भाव ग्रुपवर. पैसे यूपीआयने, पार्सल ओटीपीने. सगळे जोडून झाले की खेळ विकणारे स्टीम हे ॲप लॉगिनसाठी कोड मागते. तो मिळवायला पुन्हा मोबाइलच हातात.

बंदीचा उपायही करून झाला आहे: सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजी मोबाइल या खेळावर बंदी घातली. पुढच्या जुलैत त्याचा भारतीय अवतार हजर. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने मात्र 2022 मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. त्याला ग्राफिक्स कार्ड लागले नाही. शहरी सोसायटीत भोंगा वाजतो तो पाण्याची टाकी भरल्यावर, आणि मोटार कुणी बंद करायची याची चर्चा ग्रुपवर चालते.