जाली कोठीतली रस्सीखेच

नवा ट्रम्पेट परवडत नाही म्हणून मी जुना आणायला पुण्याहून मेरठला निघालो. "तिकिटाचे पैसे कुठल्या खात्यात टाकू?" हिने विचारलं. पर्यटनाच्या, म्हटलं. मग पर्यटन करणं भाग पडलं. १० मे १८५७ला जिथे ठिणगी पडली, त्या गावातलं शहीद स्मारक मी धावत्या रिक्षातून पाहिलं. थांबवली असती तर वेटिंग लागलं असतं.

मेरठमधली जाली कोठी म्हणजे देशभरच्या लग्नाच्या बँडचा कारखाना. बँडची वाद्यं बनवणारी नादिर अली कंपनी इथली, १८८५ची. आजूबाजूच्या गल्ल्यांत दिवसभर ठोकणं, डाग देणं, घासणं चालू. दुकानदाराने माळ्यावरून एक काळवंडलेला ट्रम्पेट काढला आणि किंमत सांगितली. मी "बहुत जादा" म्हणालो. हे वाक्य मी गाडीत बसल्यापासून घोकत होतो.

जुना ट्रम्पेट घेताना तोंडाकडची नळी निरखून बघावी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. श्वासाच्या ओलाव्याने वर्षानुवर्षं जस्त झिरपून गेलं की गुलाबी ठिपके उमटतात. अशी नळी आतून गेलेली असते. इथे ठिपके नव्हते. दोन पिस्टन दाबल्यावर झटकन वर आले, तिसरा जरा विचार करून आला. माउथपीस मात्र जागचा हलेना.

दुकानदाराने ओढून पाहिला. मग त्याने कर्णा धरला आणि मी माउथपीस. चहावाल्याने "घुमा के, घुमा के" असा सल्ला देत माझी कंबर पकडली. समोरचा ढोलवाला दुकानदाराच्या बाजूने उतरला, बहुधा शेजारधर्म म्हणून. प्रत्येक हिसक्याला मी शंभर रुपये कमी मागत होतो आणि दम लागलेला दुकानदार मान हलवत होता. एवढा यशस्वी सौदा मी जन्मात केला नव्हता. तेवढ्यात कुणीतरी पोऱ्याला पक्कड आणायला पिटाळलं.

"पक्कड मत लगाना!" शेजारच्या ओट्यावरून एक म्हातारे उस्ताद ओरडले. पकडीने पिरगळलं तर माउथपीसबरोबर नळीही पिळवटते आणि तिचे डाग सुटतात. त्यांनी दोन स्क्रूंचा एक छोटा शिकंजा आणला, माउथपीसच्या दांडीला बसवला, स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे फिरवले. टक्. माउथपीस त्यांच्या हातात. जमलेली गर्दी एकदम हिरमुसली.

उस्तादांनी ट्रम्पेट उलटा केला. पिस्टनच्या नळकांड्यांवर डाव्या पंज्याच्या आकाराची लाखच उडाली होती. "पसीना है," ते म्हणाले. "किसी ने बरसों बजाया है।"

"मग विकला कशाला?" माझं हिंदी संपलं होतं, पण त्यांना कळलं.

"सीज़न नहीं होता तो बेच देते हैं।"

"आणि सीझनमध्ये?"

"किराए का लेते हैं।"

मी भाव करणं सोडून दिलं. दुकानदाराने ते तत्काळ ओळखलं आणि रस्सीखेचीत गमावलेले सगळे शंभर एकेक करून परत चढवले.

उस्तादांनी थुंकी काढायच्या चावीला नवा बूच बसवून दिला. लॉजवर मी ट्रम्पेटला अंघोळ घातली: कोमट पाणी, भांड्यांचा साबण. कढत पाण्याने लाख उचकटते, आणि इथे आधीच ती मोजकी उरली होती. नळी सरळ केली तर जवळजवळ दीड मीटर भरेल. तिच्यातून लवचीक ब्रश फिरवल्यावर हिरवा गाळ निघाला आणि त्यात वरातीतली एक चमकी. पिस्टनवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. जो तो आपापल्या घरात गेला नाही, तर वारा पुढे सरकत नाही, फक्त वाजवणाऱ्याचे डोळे बाहेर येतात. तेलाचे थेंब सोडले, आकडे दोनदा तपासले आणि फुंकलं.

सूर कुठला होता हे माझ्याच्याने सांगवत नाही, पण तो लांबला मात्र भरपूर. दारावर थाप पडली. मॅनेजर वही घेऊन उभा होता.

"साहब, कमरा एक आदमी का लिया था। बारात का रेट अलग है।"