बिनट्रॅक्टरचा बळीराजा

अमेरिकेतल्या आयोवा-मिसुरीकडे शहराबाहेर पाच एकर घेऊन राहणारा, हौसेनं दोन घोडे पाळणारा आणि सोमवार ते शुक्रवार ऑफिसात खुर्ची उबवणारा एक गृहस्थ हमखास भेटतो. गमबूट, हॅट, पिकअप, सगळं आहे त्याच्याकडे. ट्रॅक्टर तेवढा नाही. "एवढ्याशा जमिनीला कशाला हवाय?" हे त्याचं तत्त्वज्ञान. ते पहिली गासडी दारात येईपर्यंत टिकतं.

गासडी म्हणजे आपली कडब्याची पेंढी नव्हे, की काखोटीला मारली आणि निघालो. पाच फूट उंचीची ती गोल गवतगुंडाळी सहज चार-पाचशे किलो भरते. ती वळणारं यंत्र आयोवातल्या पेला गावच्या गॅरी व्हर्मीरनं १९७१ साली आणलं, ते एकट्या माणसाला गवताचं काम उरकता यावं म्हणून. त्या एकट्या माणसाकडे ट्रॅक्टर असणार, हे व्हर्मीरनं धरलेलंच होतं. आमच्या गृहस्थानं नाही धरलं.

विकणारा शेतकरी आपल्या ट्रॅक्टरनं गासडी पिकअपमध्ये अलगद ठेवतो आणि मिशीत हसतो. चढवून देणं त्याच्याकडे, उतरवणं ज्याचं त्यानं. घरी आल्यावर आपला नायक गासडीला पट्टा आवळतो, दुसरं टोक अंगणातल्या ओकच्या झाडाला बांधतो आणि गाडी पुढे काढतो. गासडी उतरते. कधीकधी तिच्यासोबत गाडीचा फाळकाही उतरतो.

आता ढकलायची. गोल वस्तू गडगडते, हे झालं शाळेतलं ज्ञान. चार दिवस पडून राहिलेली गासडी फतकल मारून बसते. हिवाळ्यात तर जमिनीलाच गोठून चिकटते. पहार घालून हलवली, तर निघते ती नेमकी उताराकडे. इथे मात्र थट्टा पुरे. २०१० साली इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये टेकडीवरून सुटलेली गासडी व्हॅनवर आदळली आणि ईएलओ या रॉक बँडचे जुने चेलोवादक माइक एडवर्ड्स गेले. ही हकिगत आमचा गृहस्थ पाहुण्यांना आवर्जून सांगतो. गासडीच्या उताराकडच्या बाजूला उभा राहून सांगतो.

अखेर गासडीभोवतीची जाळी कापून, दाताळ्यानं थर सोलत, एकचाकी ढकलगाडीतून गवत तबेल्यात जातं. याला तो व्यायाम म्हणतो. ट्रॅक्टरचे पैसे किती वाचले, हे त्याला तोंडपाठ असतं. विंच, साखळ्या, नवा फाळका आणि कंबरेच्या डॉक्टरचं बिल हा सगळा वेगळ्या वहीतला खर्च.

हे सगळं चालू असताना दोन धडधाकट घोडे कुंपणावर माना टाकून बघत असतात.

"यांनाच जुंप ना," बायको एकदा म्हणते.

तो दुखावतो. "त्यांना सवय नाही गं."

खायची आहे. एकेक घोडा दिवसाला दहाएक किलो उडवतो. तीन आठवड्यांत गासडी साफ. दुसरी सांगून ठेवली आहे. या वेळी कप्पी लावणार आहे म्हणे.