पॅनोरमा कसा काढावा: कोकणकड्यावरील होतकरूंसाठी मार्गदर्शिका

हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याशी पोहोचल्यावर प्रथम काय करावे, याबाबत आता मतभेद उरलेले नाहीत. धापा टाकत का होईना, खिशातून फोन काढावा आणि पॅनोरमा सुरू करावा. कडा नंतर पाहता येतो. राहून गेला तरी हरकत नाही, तो फोनमध्ये असतोच. मात्र हे काम वाटते तितके सोपे नाही. त्यासाठी अंगी विशिष्ट प्रतीचा निष्काळजीपणा मुरावा लागतो. तो मुरवण्यासाठी पुढील नियम.

१. विषय निवडू नये

विषय निवडला की बाकीचे सोडावे लागते. आणि सोडून देण्यासाठी का आपण खिरेश्वराहून तोलारखिंड चढून आलो? समोर जे जे असेल ते ते घ्यावे: कडा, दरी, तंबू, भज्यांची चूल, दोरीवर वाळत घातलेली पँट. काही चिकित्सक मंडळी आधी चित्राची दोन टोके ठरवतात. डावीकडे काळा कातळ, उजवीकडे एखादे झाड किंवा पाठमोरा माणूस, म्हणजे नजर एका टोकाहून निघून दुसऱ्या टोकाशी थांबते, घरंगळत चौकटीबाहेर जात नाही. एवढा विचार आपल्याला परवडत नाही. आपला पॅनोरमा जिथे हात भरून येतो तिथे संपतो.

२. फोन आडवा धरावा

लांब चित्रासाठी फोनही आडवाच हवा, हा तर्क बिनतोड आहे. फोन उभा धरून बाजूला फिरवला तर चित्राला उंची मिळते, वरचे ढग आणि खालची दरी दोन्ही येतात. म्हणून ते कटाक्षाने टाळावे.

३. हात लांब करून फिरावे

फोन शक्य तितका दूर धरून मोठ्या वर्तुळात न्यावा. जाणकार उलटे करतात: भिंग जवळपास एकाच जागी राखून स्वतः त्याच्याभोवती सरकतात. कारण भिंगाची जागा हलली की जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंपुढून सरकतात आणि सांधे जुळत नाहीत. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. दूरच्या डोंगरांवर त्याचा परिणाम जाणवत नाही; म्हणून पुढ्यात तंबूचा खांब किंवा सोबत्याची काठी हमखास ठेवावी. ती तुकड्या-तुकड्यांनी उमटते. हे सर्व करताना पाय मात्र कड्याच्या धारेपासून लांब असावेत. या मार्गदर्शिकेतला एवढा एकच नियम गंभीरपणे घ्यावा.

४. सावलीतून सूर्याकडे जावे

कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे संध्याकाळी सूर्य समोरच सापडतो. अंधाऱ्या कपारीपासून सुरुवात करून थेट त्याच्याकडे वळावे. मावळतीच्या जागी पांढरे भगदाड पडते. बऱ्याच फोनांत सुरुवातीलाच मध्यम उजेडाच्या जागी बोट दाबून धरले की प्रकाश पक्का होतो. ही सोय असल्याचे कुणाला सांगू नये.

५. माणसांना हलू द्यावे

१९०४ साली पेटंट मिळालेला सर्कट कॅमेरा स्वतःभोवती फिरत शाळांचे आणि पलटणींचे लांबलचक समूहफोटो काढी. भिंग आपल्यावरून पुढे गेले की एखादे वात्रट पोर रांगेमागून धावत दुसरे टोक गाठी आणि एकाच फोटोत दोनदा उभे राही. आज एवढी धावपळ लागत नाही. मध्येच हललेल्याला फोन जागच्या जागी तिसरा पाय बहाल करतो.

६. आकारांची पर्वा करू नये

पॅनोरमात समोरची सरळ रेघ मध्येच फुगते आणि आपल्याभोवतीचा बाक सरळ होतो. कोकणकड्याची जी अंतर्वक्र कमान पाहायला लोक कुठून कुठून येतात, ती पट्टीत सोसायटीच्या कंपाउंडसारखी सपाट होऊन बसते. ती राखायची तर कमी कोनात, बेताचे वळून फोटो घ्यावा लागतो. धुक्यात इंद्रवज्राचे रंगीत कडे दिसले तर ते गोल असते, साध्या चौकटीत नीट बसते. तेव्हा तर पॅनोरमाच काढावा.

७. पूर्वसूरींना विसरावे

१८७८ साली एडवर्ड मायब्रिजने सॅन फ्रान्सिस्कोचा चहूबाजूंचा देखावा १३ मोठ्या काचांवर टिपला. जोसेफ सुदेकचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता, तरी जुना कोडॅक पॅनोरमा कॅमेरा घेऊन त्याने प्राग पालथे घातले आणि १९५९ साली त्याचे पुस्तक आले. त्याची निगेटिव्ह १० बाय ३० सेंटिमीटरची, म्हणजे प्रमाण एकास तीन. १९९८ चा हॅसलब्लाड एक्सपॅन कॅमेरा तर २४ बाय ६५ मिलिमीटरवर थांबला. चौकट ठरलेली असल्याने काय गाळायचे हे या लोकांना आधीच ठरवावे लागे. आपल्याला चौकट नाही, त्यामुळे तो त्रासही नाही.

८. न कापता ग्रुपवर टाकावा

एकास सहा प्रमाणाची पट्टी सात सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर जेमतेम एक सेंटिमीटर उंच दिसते. काकांना त्यात कडा सापडत नाही. पण ते अंगठा दाखवतात. दोन्ही बाजूंची रिकामी जमीन कापली असती तर तो सापडला असता. परंतु कापणे म्हणजे पुन्हा निवडणे, आणि नियम पहिला आपण वाचलाच आहे.

ज्यांना हे आठही नियम पाळणे जमणार नाही, त्यांनी फोन काढण्याआधी दोन टोके ठरवावीत. टोके सापडत नसतील तर सरळ साधा फोटो काढावा. कोकणकडा त्यातही उत्तम येतो.