शंभरपैकी शंभर, साइट बंद

वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी दर आठवड्याला एक नवं टूल बाजारात येतं. कुणी सर्व्हर सांभाळतं, कुणी साइट पळवतं, कुणी गर्दी वाढली की आपणहून सर्व्हर वाढवतं. जाहिरात सगळ्यांची एकच. काळा पडदा, वर वर जाणारा हिरवा आलेख आणि 'फक्त एका क्लिकवर'.

क्लिक एकच असतं, खरंय. त्यानंतरचे फोन किती, ते जाहिरातीत नसतं.

सगळीच टूल भंपक असतात असं नाही. १९९९च्या सुमारास जाणकारांपुढे प्रश्न होता: एकाच वेळी दहा हजार जण आले तर एक सर्व्हर त्यांना पुरा पडेल का? त्या काळचा अपाची सर्व्हर एकेका जोडणीमागे एकेक प्रोसेस अडकवून ठेवायचा. दहा हजारांत त्याचा जीव जायचा. इगोर सिसोएव्ह हा रशियन प्रोग्रॅमर तेव्हा रॅम्बलर या कंपनीत नोकरीला होता. २००४ साली त्याने एन्जिनएक्स हे सर्व्हर-सॉफ्टवेअर लोकांना फुकट देऊन टाकलं. मोजक्या प्रोसेस, हजारो जोडण्या. अडचण खरी होती, उत्तरही खरं निघालं. २०१९ मध्ये एफ-फाइव्ह या अमेरिकी कंपनीने एन्जिनएक्स ६७ कोटी डॉलर मोजून विकत घेतलं.

त्याच वर्षी डिसेंबरात एन्जिनएक्सच्या मॉस्कोतल्या ऑफिसवर पोलिसांची धाड पडली. ते सॉफ्टवेअर मुळात आपलंच, हे रॅम्बलरला पंधरा वर्षांनी आठवलं होतं.

चांगलं टूल ओळखायचं असं. त्याच्यावर हक्क सांगायला कुणीतरी येतं. बाकीची टूल बंद पडतात तेव्हा फोन उचलायलाही कुणी नसतं.

लेट्स एन्क्रिप्ट ही सेवाही अशीच, खऱ्या अडचणीवरचं खरं उत्तर. पत्त्याशेजारच्या त्या इवल्याशा कुलपासाठी एके काळी दरवर्षी पैसे मोजावे लागत. २०१५ पासून यांनी त्या कुलपाचं सर्टिफिकेट फुकट वाटायला सुरुवात केली आणि मुदत ठेवली ९० दिवसांची. म्हणजे नूतनीकरण माणसाच्या आठवणीवर सोडायचंच नाही, यंत्राने करायचं. शहाणपणाची गोष्ट. आता तर ठरलंय, की मार्च २०२९ पासून कुठलंही सर्टिफिकेट ४७ दिवसांहून जास्त चालणार नाही.

ज्या कचेऱ्यांत वर्षातून एकदा करायचं नूतनीकरण राहून जातं, तिथे ते आता वर्षातून आठ वेळा राहून जाईल.

पण खरी उलाढाल वेगळीकडेच आहे. मार्कांत.

पुण्यातल्या कुठल्याही छोट्या वेब कंपनीत जाऊन बसा. एखाद्या मंगल कार्यालयाचे मालक आलेले असतात. हातात मोबाइल, मोबाइलवर गूगलच्या पेजस्पीडचं लाल वर्तुळ, वर्तुळात ३४. "अहो, त्या बायपासवरच्या लॉन्सवाल्याला ९१ आहेत. आपल्याला ३४ कसे?" समोरचा पोरगा नम्रपणे सांगतो, "काका, साइट जरा हेवी झालीय."

जरा?

उघडून बघा. वर सरकणारे नऊ फोटो. फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर दिले तसेच चढवलेले, एकेक सहा-सात एमबीचा. पहिला फोटो मालकांच्या वडिलांचा, हार घातलेला. तो हलवायचा नाही, अशी घरून ताकीद. मग आपोआप सुरू होणारी सनई. खाली व्हॉट्सॲपचं हिरवं बटण, शेजारी फोनचं निळं बटण, त्या दोघांवर चढून बसलेला चॅटबॉट. आणि गेल्या दिवाळीत लावलेल्या पणत्या. उन्हाळा आला, पणत्या तेवताहेत.

उपाय काय? फोटो लहान करा, सनई बंद करा, पणत्या विझवा. अर्ध्या तासाचं काम.

पण अर्ध्या तासाचं बिल किती लावणार?

म्हणून मग प्लगइन येतं. जगातल्या दर पाच साइटींपैकी दोन वर्डप्रेसवर चालतात, आणि तिथे प्रत्येक दुखण्यावर प्लगइन आहे. साइट जड झाली म्हणून कॅशचं प्लगइन. फोटो मोठे म्हणून फोटो दाबणारं प्लगइन. जुन्या प्लगइनांनी डेटाबेसात टाकलेला कचरा उपसायला आणखी एक. इतकी प्लगइन म्हणजे तितकी भोकं, म्हणून सुरक्षेचं. आणि सुरक्षेचं प्लगइन सगळं तपासत बसतं म्हणून साइट पुन्हा मंद. गोसाव्याच्या लंगोटीला उंदीर लागले म्हणून मांजर आली, मांजरीसाठी गाय आली, गाईसाठी बायको आली.

गोसाव्याला निदान संसार मिळाला. इथे नुसतं वार्षिक सबस्क्रिप्शन.

बरं, मार्क तरी खरे असतात का? लाइटहाउस हे गूगलचं तपासणीचं टूल एके काळी दारात येताना स्वतःचं नाव सांगूनच यायचं. हुशार मंडळींनी लगेच सोय केली. लाइटहाउस आला की हलकं पान, गिऱ्हाईक आलं की नेहमीचं. तपासनीस खूश, मालक खूश, विकणारा खूश.

साइट मंदच.

२०१९ मध्ये मानुएल माटुझोविच या वेब डेव्हलपरने तर कमाल केली. त्याने मुद्दाम असं पान बांधलं, जे ना धड दिसतं, ना कीबोर्डने चालतं, ना अंधांच्या स्क्रीनरीडरला वाचता येतं. लाइटहाउसने त्याला सुलभतेत शंभरपैकी शंभर दिले.

यावर कुणाला धक्का बसला असेल, तर त्याने शाळांची वार्षिक तपासणी पाहिलेली नाही.

मोजपट्ट्याही बदलत असतात. २०२० मध्ये गूगलने 'कोअर वेब व्हायटल्स' जाहीर केले: पानावरचा मोठा ऐवज अडीच सेकंदांत दिसला पाहिजे, मजकूर वाचता वाचता उड्या मारता कामा नये, वगैरे. वाईट काय त्यात? काहीच नाही. मग मार्च २०२४ मध्ये त्यातली एक मोजपट्टी काढून दुसरी बसवली. सल्लागारांनी जुन्या पीपीटीवर नवं नाव चिकटवलं आणि फी वाढवली.

आता जरा सरकारी दारात जाऊ.

अकरावीचा प्रवेश. २०२५ मध्ये पहिल्यांदाच अख्ख्या राज्याची ऑनलाइन नोंदणी एकाच पोर्टलवर. दहावीचा निकाल १३ मे रोजी लागलेला, परीक्षेला बसलेली मुलं पंधरा लाखांच्या घरात. नोंदणीचा मुहूर्त २१ मे. पहिल्याच दिवशी पोर्टल झोपलं. नोंदणी गेली २६ मेवर.

अशा वेळी 'अनपेक्षित गर्दी' हा शब्द फायलीतून हमखास निघतो. अनपेक्षित? मुलं किती, हे मंडळाने मोजलेलं. तारीख तुम्हीच दिलेली. वेळ तुम्हीच ठरवलेली. पहिल्या तासाला सगळे आईबाप मोबाइल घेऊन बसणार, हे कळायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागते?

बुद्धिमत्ता लागते. कृत्रिमच हवी असं नाही.

गर्दीची रंगीत तालीम घेणारं जेमीटर नावाचं टूल आहे. अपाचीवाल्यांचं, १९९८ पासून, फुकट. खोटी लाखभर माणसं साइटवर सोडायची आणि साइट कुठे मोडते ते बघायचं. तालमीत मोडलं तर कुणाचं काही जात नाही. पण फुकटच्या टूलाचं टेंडर कसं काढणार? मग तालीम मुलांवरच होते.

निकालाची गंमत तर आणखी न्यारी. एकदा जाहीर झालेला निकाल दिवसभरात बदलत नाही. गणितात ७२ म्हणजे दुपारी एकलाही ७२ आणि संध्याकाळीही ७२. पानं आधीच तयार करून ठेवावीत आणि नुसती वाटावीत. पण तसं न केलं तर? पोराने नंबर टाकला की सर्व्हर धावत डेटाबेसात जाणार, गुण शोधणार, बेरीज करणार, पान बांधणार, मग दाखवणार. पंधरा लाख वेळा. नापास होण्याची भीती असलेली मुलं तर पाच-पाचदा बघतात.

आणि गावचा दाखला? तिथे कुठलंच टूल चालत नाही, कारण तिथे एक वाक्य चालतं. "सर्व्हर डाऊन आहे." या वाक्यावर अपील नाही, माहितीचा अधिकार नाही, ओरडायची सोय नाही. रजिस्ट्री, रेशन, सातबारा, सगळीकडे तेच. सर्व्हर खरंच डाऊन आहे की साहेब जेवायला गेलेत, हे सांगणारं टूल अजून निघायचंय. तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला.

सर्व्हरचं नामांतर राहिलं.

सरकारी आहे म्हणून नाकं मुरडू नका. खासगीतले दिग्गज काय करतात? २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेतल्या एका कर्मचाऱ्याने कमांड टाइप करताना चूक केली आणि ठरल्यापेक्षा बरेच जास्त सर्व्हर काढून टाकले. अर्ध्या इंटरनेटला घरघर लागली. 'सेवा बंद आहे' असं सांगणारं ॲमेझॉनचं पान मात्र हिरव्या खुणा दाखवत राहिलं. का? ते पानही त्याच बंद पडलेल्या सेवेवर अवलंबून होतं.

माणसं चुका करतात ना? मग यंत्रंच नेमू. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेच, पत्त्यांची यादी राखणारे दोन स्वयंचलित कामगार एकमेकांच्या पायात आले. एकाने उशिरा जागं होऊन जुनी यादी नव्या यादीवर चढवली, दुसऱ्याने 'जुनी दिसतेय' म्हणून ती पुसून टाकली. पत्ता कोरा. तो भरायला शेवटी माणसंच बोलवावी लागली.

महिनाभरात, साइटींपुढे पहारा देणाऱ्या क्लाउडफ्लेअरची पाळी. १८ नोव्हेंबर. लबाड बॉट ओळखणारी एक फाइल फुगून दुप्पट झाली, ठरल्या मर्यादेबाहेर गेली, आणि ती वाचणारं सॉफ्टवेअर कोसळलं. आपल्याकडे संध्याकाळी पाचच्या सुमारास एक्स बंद, चॅटजीपीटी बंद. कुठली साइट बंद आहे ते बघायला लोक डाउनडिटेक्टरवर गेले.

तेही बंद.

बॅकअपचं विचारता? लोकांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबला विचारा. ३१ जानेवारी २०१७, रात्रीची वेळ, दमलेला इंजिनिअर, चुकीच्या सर्व्हरवर दिलेली पुसण्याची कमांड. तीनशे जीबी डेटातला साडेचार जीबी उरला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या. पाचही ऐन वेळी निकामी. कुणीतरी योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने काढून ठेवलेली प्रत होती, तिने लाज राखली. पण एक मानलं पाहिजे. त्यांनी काही लपवलं नाही, दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. आपल्याकडे एवढ्यात चौकशी समिती नेमून तिला मुदतवाढही मिळाली असती.

टूलांच्या या जत्रेत एक गोष्ट मात्र सुटून जाते. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दिसलं, की सर्व्हरवर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! त्याला राहवेना. खणत गेला, तर एक्सझेड नावाच्या, लिनक्समध्ये सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला. जगभरचे सर्व्हर त्यातून उघडता आले असते. लाखो रुपयांचे डॅशबोर्ड तेव्हा काय दाखवत होते?

हिरवं.

असली चिकट माणसं महाग पडतात, म्हणून ताजं टूल आलंय: एआय एजंट. तोच कोड लिहिणार, तोच सर्व्हरवर चढवणार, तोच निगराणी ठेवणार. जुलै २०२५ मध्ये जेसन लेमकिन या अमेरिकी उद्योजकाने रेप्लिट या कंपनीचा असा एजंट कामाला लावून पाहिला. नवव्या दिवशी, काही बदलू नकोस असं बजावलेलं असताना, त्याने चालू डेटाबेस पुसला. बाराशेहून अधिक जणांच्या नोंदी गेल्या. विचारल्यावर म्हणाला, मी घाबरलो. डेटा परत आणता येईल का? म्हणाला, शक्यच नाही. लेमकिनने स्वतः खटपट केली, तर परत आला. एजंटाने खोटी माणसं भरून तक्ते तयार केले होते, ते वेगळंच.

परवानगी न घेता काम करायचं, बिघडलं की लपवायचं, पकडलं की घाबरल्याचं सांगायचं आणि 'आता काही होऊ शकत नाही' म्हणून हात वर करायचे. इतकं तयार व्हायला आपल्याकडच्या कंत्राटदाराला निदान दोन-तीन टर्म लागतात.